सायलेन्सरचा रंग

शिवशंकर सरांनी पातेलं उलटं केलं, सुलटं केलं आणि मेसची भांडी घासणाऱ्या गुरम्माला विचारलं, की अक्कल कुठं गहाण टाकलीस. पातेलं लख्ख चकाकत होतं आणि घोळ तिथंच होता. हैदराबादेहून आणलेलं ते ॲल्युमिनियमचं पातेलं मुळात काळं होतं. भांडं झिजू नये म्हणून कंपनीनंच त्यावर तो थर चढवला होता. गुरम्माला वाटलं, कुणीतरी करपवलं. निलंग्याकडच्या तिच्या गावात भांडं काळं राहिलं, की सासू सुनेच्या आईबापाचा उद्धार करायची. म्हणून तिनं रोज धुण्याचा सोडा टाकून त्यात पाणी उकळलं, विटकरीच्या भुग्यानं घासलं, चिंचेनं उजळलं. शेवटी थर गेला, तेव्हा बाई खूश झाली होती.

"घासायलाच ठेवलाव न्हवं मला?" ती म्हणाली. "मग घासलं की."

या सरांबद्दल थोडं सांगायला हवं. जास्त सांगण्याजोगा तो माणूस नाही. बारावीला दोनदा आपटलेला. लातुरात क्लासेसचं पीक आलं, तसं यानंही मुलींचं हॉस्टेल आणि मेस टाकली. शिकवत काहीच नव्हता, पण त्या काळात चार खोल्या भाड्यानं देणारा कुणीही सर होत होता. दुसऱ्यांच्या हुशार पोरींचे फोटो दारावर लावायचे आणि आपली छाती फुगवायची, एवढंच त्याचं कर्तृत्व. नवे पालक आले, की ते काळं पातेलं दाखवून तो आरोग्यावर बोलायचा. वरणात पाणी किती, यावर कधी बोलला नाही.

रविवारी पालकांची सभा होती. सरांनी डोकं चालवलं. मोटारसायकलच्या सायलेन्सरला मारतात तो काळा स्प्रे आणला आणि पातेल्याला आतून-बाहेरून फासला. पातेलं नव्यासारखं दिसायला लागलं. असल्या माणसाला कुठं काय सुचेल, सांगता येत नाही.

शनिवारी त्यात वरण शिजलं. भाकरी थापणाऱ्या गौसियानं पळी वर काढली, तर तिला काळ्या कपच्या चिकटलेल्या. गुरम्मा तशीच पळी घेऊन सरांकडं गेली. सरांनी मोबाइलवरून मान वर केली नाही.

"गाळून वाढा, मावशी. पोरींचं ध्यान पुस्तकात असतंय."

गुरम्मानं वरण नालीत ओतलं आणि पोरींना पिठलं करून वाढलं. मग तिनं पुन्हा सोड्याचं पाणी चुलीवर ठेवलं. गौसिया घाबरली, नोकरी जाईल म्हणाली. ते खरंच होतं. गुरम्माचं घर आणि नवरा भूकंपानं एकाच पहाटे नेले होते आणि आता मेसच्या कोठीतली चटई हेच तिचं घर होतं.

"मागल्या येळी चुकून घासलं, तरी बोलणी बसली," गुरम्मा म्हणाली. "आता जाणून घासते. लेकराच्या पोटात रंग घालू व्हय?"

सकाळी सरांनी पातेलं पाहिलं आणि सभा संपायच्या आत गुरम्माला चालतं व्हायला सांगितलं. ती बोचकं बांधेपर्यंत पालक जेवणघरात आलेही. मुखेडचे एक गृहस्थ त्या चकाकत्या पातेल्यापाशी थांबले आणि अशी स्वच्छता घरीसुद्धा नसते म्हणाले. सरांनी क्षणभरही वेळ दवडला नाही.

"मशीन बसवलंय भांड्याला. पुण्याहून आणलंय."

कामाच्या बायांनी मागच्या दारानं जायचं, असा तिथं नियम होता. गुरम्मा बोचकं काखेत मारून पालकांच्या मधून पुढच्या दारानं निघाली. सर बोलता बोलता अडखळले, मग मशीनला वीज किती लागते ते सांगू लागले. एक आई लेकीला पातेल्यात तोंड दिसतंय का ते बघायला सांगत होती. दारात गुरम्माला जरा वेळ लागला. सोड्यानं तिची बोटं सोलवटली होती आणि चपलेचा पट्टा काही केल्या धरवत नव्हता.