घोडीच्या पायातली डाकीण

डोंगरकड्याजवळच्या तांड्यात त्या सकाळी एकही चूल पेटली नव्हती. चैत्राच्या उन्हात सगळे फुलसिंगाच्या अंगणात उभे. घोडीचा मागचा डावा पाय घोट्यापासून खुरापर्यंत भोपळ्यासारखा सुजलेला. ना जखम, ना काटा. घोंगडीबुवा हा भगत मंत्र पुटपुटत त्यावर तांब्यामागून तांब्या पाणी ओतत होता. घटकाभरात घोडीनं पाय टेकला.

"आईचा उदो!" माणसं ओरडली.

हे तिसऱ्यांदा घडत होतं. बुवानं पाणी ओतलं की सूज उतरे, ऊन लागलं की पुन्हा चढे.

"मी उतरवतो अन् ती चढवती," बुवा घुमत म्हणाला. "तांड्यात डाकीण हाय!" आणि त्याचं बोट पारुबाईवर थांबलं.

पारुबाई विधवा. होळीला बुवानं घरोघर जनावरांच्या पायांत नजरेचे काळे दोरे बांधले आणि प्रत्येक घराकडून बोकड मागितला. तेव्हा दार लावून घेणारी ती एकटीच. हे साऱ्यांना ठाऊक होतं. बोललं कुणी नाही. फुलसिंगही नाही. घोडीवर मीठ लादून बाजार करणारा माणूस तो, घोडी बसली तर घर बसेल या भीतीनं त्याची मती गेली होती.

"दिवस मावळायच्या आत हिला बाहेर काढा," तोच पहिला ओरडला. तांड्याचा मुखिया उत्तमसिंग नाईकानं होकारार्थी मान हलवली.

पारुबाई रडली नाही. कमरेचा विळा काढून ती घोडीपाशी बसली.

"बुवा, गुण मंत्राचा का पान्याचा?"

"डाकिणीशी मी बोलत नसतो!"

"मी बारा वर्सं वसमतला पिंजाऱ्याकडं कापूस पिंजलाय. कमानीची तात, म्हंजी दोरी, आतड्याची असती. भिजली की सैल, वाळली की घट्ट." तिनं घोट्यावरचे केस सारले. रुतलेला काळा दोरा दिसला.

"तोडू नको, भाबी!" फुलसिंग किंचाळला. भगताची गाठ आपोआप गळेपर्यंत कुणी सोडत नसे, ही तांड्याची रीत. बुवाला ती पक्की माहीत होती.

विळा फिरला, दोरा तुटला. बायांनी तोंडावर पदर घेतले.

"आता सांजच्याला घोडी मरंल!" बुवा गरजला.

"मरंल तर मला जाळा. पन आदी हा वला दोरा तुज्या मनगटाला आवळून बांध अन् उन्हात बस."

बुवानं हात झटकन घोंगडीत ओढला. "ब्रह्मचाऱ्याला असलं चालत न्हाई!"

घोंगडीत गेलेला तो हात फुलसिंगानं पाहिला. त्यानं आपला अंगठा पुढं केला. "माज्या बांध."

दोरा वाळत गेला तसा अंगठा लाल, मग जांभळा झाला. फुलसिंगाला घाम फुटला.

"काहून बुवा, माज्या अंगठ्यात कोन डाकीण शिरली?"

बुवा तोवर वाटेला लागला होता. पोरांनी धरून आणला. झोळीतून काळ्या रंगवलेल्या तातेचं वेटोळं निघालं. इतर जनावरांना त्यानं सुती दोरे बांधले होते. तात तेवढी तांड्यातल्या सर्वांत देखण्या घोडीला, कारण तिची सूज साऱ्यांना दिसणार होती. दोरा आवळायचा आणि पाण्यानं सैल करायचा, एवढाच त्याचा चमत्कार. दार लावणाऱ्या बाईचा सूड त्याला घ्यायचा होता.

पारुबाईनं अंगठ्यावरचा दोरा कापला.

"चुकलो, भाबी."

"घोडी लंगडली तवा तू तिचा पाय बगितला न्हाईस, फुलसिंग. माजं तोंड बगितलंस."

फुलसिंग घोडीच्या पायाशी वाकला; दोरा नसल्यानं भर उन्हातही सूज उतरत चालली होती.

बुवा एक होता, मान हलवणारे शंभर. त्यांतल्या एकानंही महिनाभरात चार केस बाजूला सारून पाहिलं नाही. जनावराचा पाय सुजला तर पाय तपासा, जनावरांचा वैद्य, सलोतरी आणा. बाई शोधत फिरू नका. बुद्धी वापरायला कोणत्याही बुवाची परवानगी लागत नाही.