पहिल्या धड्याची समाप्ती

संक्रांत उरकली की दैवशालाबाई जवळच्या वाशी तालुक्यातून माहेरी येत. माहेर परंड्याच्या अलीकडचं. तुरी बडवून होतात न होतात तोच ज्वारी काढायला येते, घरची माणसं रानात असतात, मग चुलीपाशी एक जाणता हात लागतो. सत्तरी उलटल्यापासून वाकून ज्वारी उपटणं त्यांना होत नव्हतं, पण भाकरी अजून झरझर थापत.

या खेपेला घरात पाय ठेवला तर टीव्हीवर चादर घातलेली.

“हर्षालीची दहावी हाय, आत्याबाई,” भाच्याची बायको राजेश्वरी हळू आवाजात म्हणाली. “पोरगी पहाटपासून पुस्तक घेऊन बसती. पण सराव परीक्षेत विज्ञान दोनला चाळीसात अकरा पडले. हे लई तापलेत.”

तापलेला भाचा बब्रुवान संध्याकाळी जेवताना बोललाच. “आता दुसरी सराव परीक्षा हाय. त्यात नापास झालीस तर बार्शीचं नाव काढायचं न्हाय. गावातल्या कॉलेजात आर्ट्सला जा.”

हर्षालीनं ताटातली भाकरी नुसतीच चुरली. अकरावीला मैत्रीण अर्पितासंगं बार्शीला जायचं, सायन्स घ्यायचं, पुढं नर्सिंग करायचं, हे तिनं आठवीपासून मनाशी धरलं होतं. गावात राहिलं की दोन वर्षांत पाहुणे बघायला येतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून दैवशालाबाईंनी कान तिकडं लावला. पोरगी खरंच कष्टाळू. मधल्या खोलीत चटई टाकून, पाठ ताठ करून, मोठ्यानं वाचायची. आनुवंशिकता, जनुकं, गुणसूत्रं. तेवढ्यात नळाला पाणी यायचं. ती उठायची, हंडे भरायची, पाय धुऊन पुन्हा चटईवर बसायची, आणि पुन्हा आनुवंशिकता. मग शेजारीण फवारणीचा पंप मागायला यायची. तो काढून दिला की पुन्हा आनुवंशिकता. शेळी सुटली, गॅसवाला आला, कुणाचा फोन वाजला, काही झालं तरी गाडी पहिल्या स्टेशनावर.

आठवड्याभरानं तूरडाळ निवडताना दैवशालाबाई गुणसूत्रांबद्दल काहीतरी पुटपुटत होत्या. स्वतःचंच ऐकून त्या दचकल्या.

“हर्षे, मला हा धडा पाठ झाला की गं,” त्यांनी आतल्या खोलीकडं तोंड करून म्हटलं. “पुढचा एखादा ऐकव. का ह्या पुस्तकात एकच धडा हाय?”

“दहा हायत, आत्याआजी.”

“मग?”

पोरगी पुस्तक मिटून उठली. मग पदराशी येऊन बसली. “मधी उठल्यावर वाचन मोडतं ना. मोडलं की पहिल्यापासून लावायचं असतं. आजोबा पोथीला तसंच करत्यात.”

आता दैवशालाबाईंच्या ध्यानात आलं. त्यांचे थोरले भाऊ व्यंकटराव श्रावणात पोथी लावत. आसनावर बसलं की मधे बोलायचं नाही, उठायचं नाही. उठावंच लागलं तर पुन्हा पहिल्या ओवीपासून. लहानपणापासून ही पोरगी त्यांच्याशेजारी बसून पानं उलटत आली होती. नववीत एकदा अभ्यासाचं वाचन अर्ध्यावर टाकून कुणाच्या लग्नाला गेली नि चाचणीत नापास झाली. व्यंकटराव सहज म्हणाले, “खंड पडला, दुसरं काय.” तेव्हापासून ते तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं.

“उद्या सातव्या धड्यापासून धर,” दैवशालाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पोरीनं धरला. जरा वेळानं बघितलं तर पुन्हा पहिलं पान. डोळ्यात पाणी. “भ्या वाटतंय, आत्याआजी. मधूनच धरलं तर सगळंच जाईल असं वाटतंय.”

समजूत घालून भीती जात नाही. दैवशालाबाई उठल्या आणि ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या भावाकडं गेल्या.

“दादा, तुमच्या पोथीनं पोरीचं विज्ञान बुडवलं.”

“पोथीनं कुणाचं बुडत न्हाय.”

“खंड पडला की पयल्यापासून, हे तिला कुणी शिकवलं?”

“म्या शिकवलं. वाचायला नेम पायजे.”

“नेम हाय की. लई हाय. दिवाळीपासून नेमानं एकच धडा चाललाय.”

व्यंकटरावांनी अडकित्ता मिटला. त्या रात्री ते अर्ध्या भाकरीवरच पानावरून उठले. राजेश्वरीला वाटलं, आत्याबाईंनी उगीच म्हाताऱ्याला दुखवलं.

सकाळी आंघोळ करून त्यांनी देवघरापुढं आसन टाकलं आणि हाक मारली, “हर्षे, तुझं ते इज्ञान आण. पयल्या धड्याची समाप्ती करायचीय.”

“धड्याची कुठं समाप्ती असती, आजोबा?”

“पोथीची असती तर ह्याची का न्हाय? एकदा समाप्ती झाली की मागं फिरायचं न्हाय. एवढं तुला सांगायचं राहिलं माझ्याकडनं. आजपासून एकेक धडा म्हंजे एकेक पोथी.” त्यांनी वाटीत साखर काढली. “पण समाप्तीला अर्थ सांगावा लागतो. पुस्तक मिटून.”

हर्षाली सुरू झाली ती थेट धावतच सुटली. एक शब्द इकडचा तिकडं नाही. व्यंकटराव मान डोलवत होते. दैवशालाबाईंना मात्र आपलं मॅट्रिक आठवलं. तिघी मैत्रिणींत मिळून एक पुस्तक होतं. जिच्याकडं ते असे तिनं वाचून यायचं आणि शाळेच्या वाटेवर परंड्याच्या किल्ल्याच्या खंदकाजवळ उरलेल्या दोघींना तोंडी सांगायचं. त्या दोघी काही सुखानं सांगू देत नसत. मधेच अडवत.

“थांब,” दैवशालाबाई म्हणाल्या. “त्या जनुकातनं प्रथिनं कशी तयार होतात, तेवढंच सांग. तुझ्या बोलीत.”

हर्षाली थांबली. ओठ हलले, शब्द येईना. सुरुवातीपासून म्हणत आल्याशिवाय तिला मधलं सापडत नव्हतं.

साखरेकडं गेलेला तिचा हात व्यंकटरावांनी धरला. “न्हाय झाली समाप्ती.”

“आजोबा!”

“ओरडू नको. बघ पुस्तकात, तेवढंच बघ, आन् परत सांग.”

तिनं तेवढंच पान बघितलं, मिटलं, अडखळत का होईना आपल्या शब्दांत सांगितलं. मग साखर मिळाली. पुढचा धडा तिनं त्याच दिवशी लावला, आणि दुपारी नळाला पाणी आलं तेव्हा पानात काडी घालून उठली. परत आल्यावर पहिल्या धड्याकडं पानं उलटायला बोटं शिवशिवली. “समाप्तीच्या मागं न्हाय हां,” ओसरीवरून आवाज आला.

त्यानंतर रोज भाकऱ्या होईतो ती चुलीपुढं बसून धडा सांगे. दैवशालाबाई पीठ मळत मधेच अडवत. प्राण्यांच्या वर्गीकरणात विंचू कुठं बसतो यावरून व्यंकटरावांशी भांडणही झालं. त्यांना तो किड्यात हवा होता. एक धडा तीनदा समाप्तीविना राहिला. गणिताला मात्र ही युक्ती चालली नाही. तिथं पुस्तक मिटून उदाहरणंच सोडवावी लागली, आणि त्यात घरातल्या कुणाचाच उपयोग नव्हता. त्यासाठी ती अर्पिताकडं जाई.

दुसऱ्या सराव परीक्षेचे गुण शाळेच्या ग्रुपवर आले तेव्हा बब्रुवान रानातून नुकताच आला होता. हात न धुताच त्यानं मोबाइल उघडला. सगळ्यात पास. बीजगणितात जेमतेम. विज्ञान दोनला पंचवीस.

“पंचवीसात कुठं नर्स होतात?” तो म्हणाला.

“अकरात तरी कुठं होतात?” दैवशालाबाई म्हणाल्या. “बोर्डाच्या परीक्षेला अजून दिवस हायत.”

बब्रुवाननं मोबाइल खिशात टाकला. हात-पाय धुतले, चहा घेतला, अंगणात जाऊन अर्पिताच्या वडिलांना फोन लावला. इकडचं तिकडचं बोलला, ज्वारीचं बोलला. मग म्हणाला, “ते बार्शीचं मुलींचं हॉस्टेल कसंय? न्हाय, दोघींना एकाच खोलीत मिळालं तर बरं, म्हणून इचारलं.”

आतून राजेश्वरी उंबऱ्यापर्यंत आली. “अवो, आधी बोर्डाची परीक्षा तर होऊ द्या.”

बब्रुवाननं फोनवर हात धरला. “व्हईल की. खोल्या काय तवर थांबत्यात व्हय?”