दोघांत एक रिपोर्ट

पारदर्शकतेने संकोच जातो असं विद्यापीठाच्या आरोग्य समितीचं मत पडलं, म्हणून एचआयव्हीची तपासणी कँटीनला लागून असलेल्या काचेच्या खोलीत ठेवण्यात आली. समितीच्या स्वतःच्या बैठका मात्र वरच्या मजल्यावर दार लावून होत.

साल २००६. अमेरिकेतल्या रॅलेजवळचं, काळ्या विद्यार्थ्यांसाठी निघालेलं एक जुनं विद्यापीठ. तपासणीला बसलेली अस्मिता मूळची नागपूरची, पब्लिक हेल्थ शिकणारी. शेजारच्या कॅरी गावात ती ज्या नीलामावशीकडे राहायची, तिला भाची कॉलेजात तपासण्या करते एवढंच ठाऊक होतं. मावशीने त्याचा अर्थ शुगर असा घेतला आणि अस्मिताने तो घेऊ दिला.

समोर मोनिक होती, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची. तपासणीची काडी हिरडीवरून फिरवून झाली होती. आता निकालासाठी वीस मिनिटं थांबायचं होतं. बाहेर तिचा बॉयफ्रेंड टेरेल मित्रांसोबत चिकन खात काचेतून आत बघत होता, मॅच बघावी तसा.

"माहितीपत्रक वाचतेस तोवर?" अस्मिताने विचारलं.

"मिस अस्मिता, ते मीच पहिल्या वर्षाच्या मुलींना समजावते. कंडोमसुद्धा केळ्यावर चढवून दाखवते. केळं वाद घालत नाही."

"आणि टेरेल?"

"तो म्हणतो, दोन वर्षं झाली, अजून विश्वास नाही का? मी म्हटलं, दोघं तपासून घेऊ. तर म्हणाला, आधी तू जा. तुझं नीट निघालं की माझंही नीटच."

"असं नसतं."

"मला माहीत आहे. त्याला कसं पटवायचं, ते तुमच्या पत्रकात नाही."

निकाल निगेटिव्ह आला. मोनिकचा चेहरा हलला नाही.

"हसले तर त्याला कळेल आणि आजपासून कंडोम बंद," ती ओठ न हलवता म्हणाली. "नाही हसले, तर जे झालेलंच नाही ते सगळ्या कँटीनला कळेल."

दोघी बँकेत नंबर लागायची वाट बघावी तशा बसून राहिल्या. शेवटी टेरेलनेच दारातून डोकं आत घातलं.

"झालं?"

"निगेटिव्ह. पण नवी लागण लगेच दिसत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा करायची. तोवर कंडोम. नाहीतर तूही आत्ता बस."

टेरेलने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, दंतवैद्याच्या खुर्चीकडे पाहतात तसं. "तीन महिने? बेबी, तू निगेटिव्ह तर मीही निगेटिव्ह. साधं गणित आहे. काय डॉक्टर?"

"चुकीचं गणित आहे," अस्मिता म्हणाली. "आणि मी डॉक्टर नाही."

"मग तुम्ही कशाला बोलता," तो गोडीत म्हणाला आणि टेबलाकडे परत गेला.

या विद्यापीठात दोन मुलींमागे एक मुलगा पडायचा. टेबलाशी बसलेल्या दोन मुलींनी लगबगीने सरकून त्याला मध्ये जागा केली. एकीने त्याच्या ताटातली फ्रेंच फ्राय उचलली. त्याने उचलू दिली.

मोनिकने ते पाहिलं.

"माझ्या रूममेटने असाच हट्ट धरला होता," ती म्हणाली. "आता ती एकदम सुरक्षित आहे. शुक्रवारी संध्याकाळी एकटीच टीव्ही बघत असते."

"मोनिक, मी त्याच्याशी पुन्हा बोलू?"

"नको. मी सांगते त्याला, रिपोर्ट फायनल आहे, पुन्हा करायची गरज नाही म्हणून."

अस्मिताने कंडोमचं भांडं पुढे केलं. दुसरं काही पुढे करण्यासारखं तिच्याकडे नव्हतं. मोनिकने मूठभर घेतले आणि बॅगेत पुस्तकांच्या खाली, अगदी तळाशी ढकलले.

"उपयोगी पडतील कुणाला तरी," ती म्हणाली. मग तिने चेहऱ्यावर हसू नीट बसवलं आणि दार उघडलं.

टेरेलने दोन्ही हात पसरले. टेबलाने टाळ्या वाजवल्या. त्या दोघी मुलीही वाजवत होत्या, जरा हळू.