जुन्या तुपाचा लेप

वच्छीला तिसरं वर्ष लागलं तरी ती आईच्या अंगावर पीत होती, आणि साऱ्या गावाला त्याची काळजी पडली होती. पातूरकडच्या त्या गावात कोणी उपाशी निजला तर विचारायला माणूस नसे. पण सुभद्राची पोर अजून पिते, ही बातमी मात्र विहिरीवर रोज ताजी असायची. "दात आले, दाढा आल्या, आता लगनात बोहल्यावरही पाजतं काय व इले?" असं बाया विचारायच्या. सुभद्रा हसायची आणि घागर डोक्यावर घ्यायची. वच्छी ज्वारीची भाकर खायची, तुरीच्या शेंगा सोलून खायची, मोठ्या माणसांशी हुज्जत घालायची, आणि दिवेलागणीला धावत येऊन स्वतःच पदर उचलायची.

बायांना हसायला काय जातं! सुभद्राचा जीव त्या पदराखाली होता. वच्छीच्या आधीचा मुलगा पोटातच गेला होता. वच्छीच्या वेळी ती बाळंतपणाला माहेरी, भातकुलीजवळच्या गावी आली, तेव्हा सुईणीनं हात टेकले आणि तिला बैलगाडीत घालून अमरावतीला न्यावं लागलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला कसंबसं वाचवलं. घरी सोडताना त्यांनी सुभद्राला आणि तिच्या आईला समोर उभं करून सांगितलं, की अंगात रक्त उरलेलं नाही, चार वर्षं तरी दिवस राहू देऊ नका, राहिले तर माझ्याकडे आणूनही उपयोग नाही.

डॉक्टरीणबाईंना सांगायला सोपं होतं. नवऱ्याला हे कोणी सांगायचं आणि सासूला कोणी? तेव्हा गोदाबाईनं, म्हणजे सुभद्राच्या आईनं, दवाखान्याच्या पायरीवर बसून तोड काढली. सुभद्राच्या सासरी, तानुबाईच्या घरात, एक रीत होती. पितं लेकरू असलेल्या सुनेचं अंथरूण सासूच्या खोलीत पडायचं आणि नवऱ्यानं ओसरीवर निजायचं. नाहीतर दूध नासतं, लेकरू किरकिरं होतं, असं तानुबाई चारचौघींत ठासून सांगायची.

"पाजत राह्य," गोदाबाई म्हणाली होती. "कोणी हासो, कोणी थुंको. जोवर पोट्टी पेते, तोवर तुयी सासूच तुयी राखण करीन. मी आहो ना तुया मांगं."

आणि झालंही तसंच. तानुबाई आपल्याच रीतीत अडकली. नातवासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता, पण रीत मोडायची तर आजवर गावाला शिकवलेलं सारं गिळावं लागलं असतं. ती रात्रंदिवस "दूध तोड आता, तोड" म्हणायची आणि संध्याकाळी स्वतःच सुनेचं अंथरूण आपल्या शेजारी घालायची. खुशालराव, सुभद्राचा नवरा, वाईट माणूस नव्हता. आईपुढं त्याला तोंड नव्हतं, एवढंच. तो ओसरीवर निजायचा आणि खोकायचा.

अठ्ठावन सालच्या उन्हाळ्यात गोदाबाईचा निरोप आला. शेवया-कुरोड्या घालायच्या आहेत, सुभद्राला धाडा. तानुबाईनं लगेच होकार दिला. एवढ्या लगेच, की सुभद्राला नवल वाटलं. पण माहेरचा निरोप आला की नवल करत कोण बसतं? ती वच्छीला कडेवर घेऊन निघाली. अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत आगगाडीत ती खिडकीशी बसून तिला पाजत होती. समोरची म्हातारी नाक मुरडत होती. सुभद्रानं तिच्याकडे पाहून पदर आणखी नीट पसरला. माहेरच्या वाटेवर तिला कोणाची भीती नव्हती.

गोदाबाई विधवा. घरात ती आणि धाकटी लेक इंदू, अशा दोघीच. इंदूला सतरावं लागलं होतं. ती उंच झाली होती, हसायला लागली की थांबत नव्हती, आणि ताई आली म्हटल्यावर वच्छीला घेऊन घरभर नाचत होती. आईनं सुभद्राला न्हाऊ घातलं, डोक्याला तेल चोळलं. पाठीवरून हात फिरवताना तिनं विचारलं, "पेते ना अजून?"

"पेते ना. पण दात लावते व माय. पाह्य, कशी चीर गेली."

गोदाबाईनं पाहिलं. मग म्हणाली, "लेप लावून देतो. जुनं तूप हाय अन् हळद. दोन दिसात भरून येईन."

लेप काळपट होता. जुनं तूप असंच असतं, असं गोदाबाई म्हणाली. "अन् पुसू नोको. पोट्टीच्या पोटात गेलं तरी तूपच हाय." हातातली वाटी तिनं पदराखाली धरून आत नेली. सुभद्राला त्यात वावगं काही दिसलं नाही. आईनं लावलेल्या औषधाला कोण हुंगून पाहतं?

संध्याकाळी वच्छी धावत आली, पदर उचलला, तोंड लावलं आणि एकदम मागं झाली. तिचं तोंड वाकडं झालं. तिनं आईकडे पाहिलं, पुन्हा तोंड लावलं आणि मग अशी किंकाळी फोडली, की शेजारची बाई कुंपणावरून डोकावली. सुभद्रानं तिला उचललं, पाठ थोपटली, दुसऱ्या बाजूला घेतलं. तिथंही तेच. वच्छी हातपाय झाडत खाली उतरली आणि भिंतीला पाठ लावून आईकडे बघत राहिली.

"पोट बिघडलं असीन," गोदाबाई म्हणाली. तिनं गाईच्या दुधात गूळ घालून वाटी पुढं केली. "ये वो माये बाई, आजीजवळ ये." वच्छी हुंदके देत आजीच्या मांडीवर बसली आणि घटाघटा प्याली.

दुसऱ्या दिवशी अंगणात बाजा टाकून कुरोड्या घातल्या. सुभद्राचं लक्ष कशात नव्हतं. छाती दगडासारखी टणक झाली होती, हात वर केला की कळ जायची. गोठ्याच्या आडोशाला जाऊन तिनं थोडं दूध पिळून मातीत सांडलं आणि ते पाहून तिला रडू आलं. वच्छीला हाक मारली तर ती येईना. दुरूनच मान हलवायची. गोदाबाई सकाळ-संध्याकाळ वाटी घेऊन यायची, अगदी मायेनं लेप लावायची आणि म्हणायची, "होते कधी कधी असं. लेकरू हाय, येईन परत."

तिसऱ्या दिवशी लेप लावून गोदाबाई चुलीकडे गेली. वच्छी दाराशी खेळत होती. सुभद्राच्या मनात आलं, हा वास तर तिला आवडत नसेल? तिनं पदराच्या टोकानं लेप पुसला आणि बोटाला लागलं ते तूप सवयीनं चाटलं.

तोंडभर कडू जहर पसरलं. ती चव तिच्या ओळखीची होती. काळा बोळ! वच्छी तान्ही असताना पोट साफ व्हायला तिनंच सहाणेवर उगाळून कणभर चाटवला होता, आणि ती एवढीशी पोर कशी शहारली होती हेही तिला आठवलं. तुपात बोळ आपोआप पडत नाही. कोणीतरी तो पंसाऱ्याच्या जडीबुटीच्या दुकानातून आणला होता, कुटला होता, हळदीत मिसळून लपवला होता. आणि घरात करणारी बाई एकच होती.

सुभद्राला आधी रागही आला नाही. तिला नुसतं वाटलं, की आपण पडतो आहोत आणि धरायला हात टाकला तर तिथं भिंतच नाही. सासूनं हे केलं असतं तर सुभद्रानं घर डोक्यावर घेतलं असतं. सासूच्या हातचं पाणीसुद्धा ती हुंगून प्यायची. इथं मात्र तिनं स्वतः चोळी सैल करून दिली होती.

ती चुलीपाशी गेली. गोदाबाई भाकर थापत होती.

"बोळ काहून घातला व माय?"

गोदाबाईचे हात थांबले. तिनं खोटं बोलायचाही प्रयत्न केला नाही. इंदू पाण्याला गेली होती, ते पाहून ती हळू म्हणाली, "बस. बसून आयक."

"उभीच बरी हावो. सांग."

"होळीले तुयी सासू येऊन गेली. तुले नाई सांगतलं तिनं. ओटीवर बसली अन् म्हणे, आमच्या घरात वंशाले दिवा पायजे. थोरलीचं दूध तोडा, नाई तं धाकली द्या आमाले. एकाच छपराखाली दोघी बहिणी राहतीन, बाहेरची सवत येण्यापरस बरं, म्हणे."

"अन् तू काय म्हनलं?"

"मी काय म्हणू? मी म्हनलं, दोन बायका करू नये असा कायदा झाला आता. तं हासली. म्हणे, कायदा कचेरीत असते, मायं घर पातूरकडं हाय." गोदाबाईनं डोळ्याला पदर लावला. "इंदू सतराची हाय व. तिचं सोनं मातीत कसं घालू? तुले तिची सवत करू काय? मले दुसरं काई सुचलं नाई."

"डाक्टरीणबाई काय म्हनली होती, आयकलं होतं ना तू? माया बाजूलेच उभी होती ना?"

"डाक्टर लोक बोलतेच तसं. बाया काय बाळंत होत नाईत? देव हाय. आपुन नवस बोलू."

एवढंच. मागं उभी राहणारी आई एवढ्यात आटोपली. सुभद्रा तिच्याकडे बघत राहिली. दोन लेकींपैकी एक वाचवायची होती, आणि आईनं निवड करून टाकली होती. तिला न विचारता, तिच्याच अंगाला मायेनं हात लावून. विचारलं असतं तर? तर कदाचित तिनंच होकार दिला असता. इंदूला तिनं कडेवर खेळवलं होतं. पण विचारलं नाही, हे तिच्या काळजात रुतून बसलं.

तेवढ्यात वच्छी आत आली. आजीच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "आजी, दूदू दे." आणि आईकडे बोट दाखवून तोंड वाकडं करून सांगितलं, "माय कडू."

गोदाबाईनं खाली मान घालून वाटी भरली. सुभद्रा आडोशाला गेली, चोळीखालचं सारं अंग पाण्यानं, मग शिकेकाईनं, मग पुन्हा पाण्यानं धुतलं. परत येऊन तिनं वच्छीला मांडीवर ओढलं, स्वतःचं बोट लावून चाटून दाखवलं, विनवलं. "पाह्य, गोड हाय. मायं लेकरू, एक डाव पाह्य." वच्छीनं ओठ घट्ट मिटून मान फिरवली. त्या डोळ्यांत जे होतं ते सुभद्रानं लगेच ओळखलं. मघाशी चुलीपाशी ती स्वतः आपल्या आईकडे तसंच बघत होती. पोरीच्या लेखी कडू करणारी तीच होती, आणि गोड देणारी आजी. हे तिला समजावून कसं सांगणार?

खुशालराव न्यायला आला, तोही ठरल्यापेक्षा आधीच. वच्छी वाटीनं दूध पिताना दिसली तेव्हा तो लाजून हसला आणि म्हणाला, "बरं झालं, सुटलं यकदाचं. बुढीनं तुयं अंथरूण ओसरीवर घालाले सांगतलं." तो आनंदातच बोलला. त्याला बिचाऱ्याला डॉक्टरीणबाईंचं कोणीच कधी सांगितलं नव्हतं. सुभद्रानं आजवर लपवलं होतं, कारण आई म्हणाली होती, पुरुषाच्या कानावर असलं घालू नये.

"मले डाक्टरीणबाईनं सांगतलं होतं," सुभद्रा म्हणाली, "यापुढं लेकरू झालं तं मी वाचणार नाई."

खुशालरावाचं हसू गेलं. त्यानं सासूकडे पाहिलं. गोदाबाई घाईनं म्हणाली, "चार वर्सं थांबा म्हनली होती, जवाईबापू. तिसरं लागलं की आता." खुशालरावानं थोडा वेळ जोड्याची धूळ झटकली. मग म्हणाला, "बुढीले सांगून पाहतो." तो काय सांगणार आणि ती काय ऐकणार, हे त्या अंगणात उभ्या असलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

बैलगाडी दाराशी लागली. लेकीला रिकाम्या ओटीनं कसं धाडणार? गोदाबाईनं पाट मांडला, खण-नारळ आणला, सुपात गहू घेतले. सुभद्रा पाटावर बसली. इंदू वच्छीला कडेवर घेऊन समोर उभी होती आणि हसत म्हणत होती, "ताई, पोळ्याले येजो हो. अन् मले एक भाचा आनजो."

गोदाबाईनं पहिली ओंजळ ओटीत टाकली. सुभद्रा वाकली, आणि फक्त तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली,

"इंदूचं लगन याच सालात करून टाकजो, माय. कुठंबी कर. मी मेली तं माया पोरीले सांभाळाले ते इंदूलेच मागतीन. अन् तवा तुले नाई म्हनता येणार नाई."

गोदाबाईची दुसरी ओंजळ हवेतच राहिली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. एका लेकीला विकून दुसरी सोडवली असं ती समजत होती. तिच्या बोटांतून गहू गळून पाटावर सांडले.

"माय, भर ना व लवकर," इंदू म्हणाली. "गाडी चुकीन त्याहीची."

सुभद्रानं आईची वाट पाहिली नाही. जे पडलं होतं तेवढंच ओटीत बांधलं, पाया पडली नाही, आणि इंदूच्या कडेवरून वच्छीला घेऊन गाडीत बसली. बैल चालू लागले तशी वच्छीनं दाराकडे दोन्ही हात पसरले आणि "आजी, आजी" करून आकांत मांडला. गावाची वेस मागं पडली तरी ती थांबेना. सुभद्रानं तिला छातीशी धरलं, तर ती तोंड चुकवून मागं बघत रडायची. पोर रडत होती आजीसाठी, आणि तिच्या रडण्यानं सुभद्राला पान्हा फुटून पदर भिजत होता.