गंज म्हणून फेकलेली नळी

प्रयोगशाळेत तिला सगळे गंजताई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि ती ओ देई. रक्तातलं लोह मोजायचं तर काचेची भांडी आधी आम्लात बुडवून ठेवायची, स्टीलचा चमचा टेबलाजवळ फिरकू द्यायचा नाही. कारण लोह सगळीकडे असतं आणि कुठूनही नळीत शिरतं. आकडा भलताच वर गेला की ती नाक मुरडे. "हे माणसाचं नव्हे, हा गंज. फेका, नवीन रक्त मागवा." बावीस वर्षांत तिचा अंदाज क्वचितच चुकला होता, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे.

चार वर्षांपूर्वी तिचा दादा बोटं दुखतात, दम लागतो म्हणून कुरकुरायला लागला, तेव्हा तिनेच त्याला ओढत आणलं. रसायन घातलं की नळी जांभळी होते. लोह जितकं जास्त, तितकी गडद. दादाची नळी वांग्याच्या सालीसारखी झाली. तिने वहीतल्या आकड्यावर रेघ मारली, शेजारी लिहिलं, 'नळी खराब', आणि फोन लावला.

"परत ये रे. तुझ्या नळीत गंज होता."

"माझ्यातच असेल, म्हातारा झालो," तो हसला. "एकदा भोसकलंस तेवढं पुरे, बाई."

तो आला नाही. तिनेही लकडा लावला नाही. परक्यांच्या नळ्या ढीगभर होत्याच.

आता दादा त्याच इस्पितळात, वरच्या मजल्यावर होता. पोट फुगलेलं, कातडीचा रंग जुन्या तांब्यासारखा. घरचे इतकी वर्षं उन्हाला बोल लावत होते. त्याच्या यकृताचा कणभर तुकडा तपासायला खाली तिच्याकडेच आला. तिने भांडी तीनदा धुतली. तुकडा वाळवला, तोलला, आम्लात विरघळवला. शेजारी नुसत्या रसायनाची कोरी नळी ठेवली. भांडी मळकी असती तर तीही रंगली असती. कोरी पाण्यासारखी राहिली. दादाची काळीजांभळी.

मग तिने जुनी वही काढली. रेघेखालचा आकडा स्वच्छ वाचता येत होता. तो बघायला कुणी येणार नव्हतं.

ती वर गेली. वहिनी उशाशी बसली होती.

"दादा, तेव्हाची नळी चांगली होती. मीच फेकली. तेव्हा कळलं असतं तर अधूनमधून थोडं रक्त काढून अंगात साचणारं लोह उतरवत राहिलो असतो, आणि..."

वहिनीने हातातला पेला खाली ठेवला.

"मी म्हटलं होतं की, माझ्यातच असेल," दादा म्हणाला. "हे पोरांतही उतरतं का गं?"

"उतरू शकतं."

"मग त्यांचं बघ. आणि या वेळी आकड्याशी भांडू नकोस."

नवव्या दिवशी तो गेला.

महिन्याभराने वहिनी दोन्ही मुलांना घेऊन आली. नणंदेशी एक शब्द बोलली नाही. फक्त मुलांच्या बाह्या वर करून दिल्या. मुलाची नळी फिकट राहिली. मुलीची गडद होत गेली. गंजताईचा हात सवयीने पेनाकडे गेला, रेघ मारायला. तिने कोरी नळी उजेडात धरली. पाण्यासारखी होती. तिने आकडा लिहिला, शेजारी लिहिलं, 'नळी चांगली', आणि बाहेर आली.

वहिनीने तिचा चेहरा बघितला आणि उठून उभी राहिली.

"गंज असेल ना?" तिने विचारलं. "असतो ना कधी कधी?"

"नाही वहिनी," ती म्हणाली.