गोळीचा रंग

मी एक जुनी बाटली आहे, केशरी झाकणाची, विटामिनच्या गोळ्यांची. माझ्या तळाशी अजून काही गोळ्या शिल्लक आहेत आणि त्या कुणी मागितल्या की माझा थरकाप होतो. मित्रांनो, बाटलीला कसली आली भीती, असं म्हणून हसू नका. आधी ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. गाव ठाऊक नाही. एका यंत्राने मला फुगवलं, दुसऱ्याने साठ गोळ्या ओतल्या, तिसऱ्याने अंगावर कागद चिकटवला. त्यावर धावणाऱ्या बाईचं चित्र होतं आणि खाली छापलं होतं, 'स्नायूंचे कवच'. मी ते खरं मानलं. आपल्याच अंगावर लिहिलेलं कोण खोटं मानेल?

भिलाईत सुपेल्याच्या एका दुकानात मी धूळ खात पडले होते. तिथून मला रोशनीने घरी नेलं. ती रुआबांध्यात राहायची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि आठशे मीटर धावायची. वडील गुलाबराव स्टील प्लांटमध्ये कामाला, आई अंजनाबाई घरी. मे महिना होता. परीक्षेपायी महिनाभर सराव बुडाला होता आणि राज्याच्या शिबिरासाठीची निवड चाचणी दहा दिवसांवर आली होती. बुडालेलं भरून काढायचं तर पाय दुखणार, आणि ते दुखू नयेत म्हणून मी.

पहिल्याच दिवशी तिची लघवी हळदीसारखी पिवळी झाली. ती घाबरली. तिच्या मैत्रिणीने, मोनाने, सांगितलं, "काही नाही, गोळीचा रंग हाये तो. मले पण होते." त्या दिवशी मोनाचं बरोबर होतं. माझ्यातल्या एका विटामिनने तसं होतंच.

मग माझं कौतुक सुरू झालं. मैदानावर पोरी मला एकमेकींच्या हातात द्यायच्या, कागद वाचायच्या. मी अगदी चढून गेले होते. आता आठवलं की लाज वाटते.

चाचणीला सहा दिवस उरले असताना सराव घेणाऱ्या धर्मेंद्र सरांनी सकाळी मुलींकडून पायऱ्यांवर उड्या मारून घेतल्या आणि बजावलं, आज आता आराम. रोशनीने आराम केला नाही. दुपारी चारच्या उन्हात ती पुन्हा मैदानावर गेली. एका गोळीऐवजी दोन घेतल्या, म्हणाली, "आता काय होते." आणि सकाळच्या दुप्पट उड्या मारल्या. मी पिशवीतून बघत होते. तिला एवढं धाडस माझ्यामुळे आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला खाली बसता येईना. मांड्या सुजून लाकडासारख्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरातून भिंत धरून बाहेर आली. मी बाहेरच्या फळीवर मंजनाशेजारी उभी होते.

"कावून अशी चालून राहिली?" अंजनाबाईंनी विचारलं.

"पाय भरून आले. अन् आई, लघवी कोऱ्या चायसारखी होऊन राहिली. गोळीचा रंग असन."

"उन्हाळी लागली असन. धन्याचं पाणी करून देतो. बाबाले सांगू?"

"नको ना. अशा गोष्टी बाबाले सांगते का कोणी? अन् सरले समजलं तर चाचणीतून काढून टाकतीन मले."

आणि तिने मला उघडून आणखी एक गोळी घेतली. मित्रांनो, माझा रंग पिवळा. कोऱ्या चहाचा रंग माझा नव्हे, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं, आणि मला बोलता येत नाही. ती माझ्या नावाखाली काहीतरी भयंकर झाकत होती. दुपारपर्यंत ती पुन्हा न्हाणीघराकडे फिरकलीच नाही. पोटभर पाणी पिऊनही लघवी होत नव्हती. फळीवर उभ्या उभ्या माझा धीर सुटत चालला.

तीन वाजता गुलाबराव पहिल्या पाळीवरून आले. "पोरगी कावून निजून हाये?"

अंजनाबाईंनी खाली बघत लघवीचा रंग सांगितला.

गुलाबरावांनी हातातला डबा खाली ठेवला. "आमच्या प्लांटमधी संडासाच्या भिंतीवर लघवीच्या रंगाचा तक्ता लावला हाये. भट्टीपाशी काम करणाऱ्याले रोज पाहा लागते. शेवटचा रंग हाच हाये. तो दिसला का काम बंद, सीधा दवाखाना. उठव तिले."

जाताना अंजनाबाईंनी मलाही पिशवीत टाकलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्यावरचा कागद वाचला आणि मला बाजूला ठेवलं. त्या म्हणाल्या, "हा रंग गोळीचा नाही. स्नायू तुटून त्यांच्यातला घटक रक्तात उतरला आहे, तो किडनी बंद पाडतो. आणि गोळी खाल्ली म्हणून स्नायू तुटायचे थांबत नाहीत. सराव बेताबेताने वाढवावा लागतो."

चार दिवस सलाईन चाललं. खाटेला लटकलेल्या लघवीच्या पिशवीकडे गुलाबराव तासातासाला वाकून बघायचे. मीही बघायचे आणि मला त्या रंगाची इतकी भीती बसली की डोळा लागेना. पाचव्या दिवशी रंग फिका पडला. किडनी वाचली. चाचणी त्याच्या आदल्या दिवशीच होऊन गेली होती. रोशनी भिंतीकडे तोंड करून खूप रडली.

आता ती हळूहळू चालते, थोडं पळते. परवा शेजारची टीना आली. नववीत आहे, त्याच मैदानावर धावते. "दीदी, तुमची गोळी उरली असन तर मले द्या ना."

रोशनीने मला उचललं आणि मी गारठले. पण तिने झाकण उघडलं नाही.

"कुठं दुखते तुले?"

"कुठंच नाही."

रोशनी खाली बसली आणि तिने टीनाच्या पोटरीला हात लावला. टीनाने झटकन पाय मागे घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"किती दिवस झाले?"

"आठ."

"घरी सांगितलं?"

टीनाने नकारार्थी मान हलवली. रोशनीने मला खाली ठेवलं आणि तिचा हात धरून ती तिच्या आईकडे निघाली.

मित्रांनो, दुखत असेल तर घरी सांगा. लाज वाटली तरी सांगा, स्पर्धा हुकणार असली तरी सांगा. माझ्यातली एकही गोळी तुमच्या वतीने ते सांगणार नाही.