भट्टीला उपास

चुळबुळ्याच्या हाती ॲल्युमिनियमची भट्टी सोपवली, हाच मुळात मुकादमाचा आगाऊपणा. आधीच्या दोन खात्यांनी त्याला परत पाठवलेलं. इथूनही परतला तर पुढचा रस्ता थेट फाटकाबाहेर. आणि गडी असा, की दोन घटका स्वस्थ बसेल तर शपथ!

भट्टीचं काम तसं सरळ. वितळलेल्या क्षारात ॲल्युमिनियम ऑक्साइडची पांढरी भुकटी विरघळते, वीज तिची फोड करते. धातूचे आयन तळाच्या कॅथोडवर इलेक्ट्रॉन घेतात आणि तिथे ॲल्युमिनियम साचतं. ऑक्साइडचे आयन वरच्या कोळशाच्या ॲनोडवर इलेक्ट्रॉन सोडतात, आणि सुटलेला ऑक्सिजन त्या कोळशालाच खातो. भुकटी संपत आली की खुद्द क्षाराचीच फोड सुरू होते, ॲनोडभोवती वायूचं वेष्टण बसतं, व्होल्टेज उसळतं आणि भट्टीवरचा दिवा पेटतो.

त्या दिव्याची चुळबुळ्याने अशी धास्ती घेतली की जाता एक फावडं, येता एक. दिवा पेटला नाही खरा. पण न विरघळलेली भुकटी तळाशी गाळ होऊन बसली आणि भट्टी गार पडू लागली. गोठली तर भट्टीही गेली आणि नोकरीही.

मुकादमाने सळई आत घालून पाहिली. "अजीर्ण केलंस रे हिला. आता कडक उपास. दिवा पेटेपर्यंत चिमूटभरही टाकायची नाही. गाळ तीच खाईल."

"आणि नाहीच पेटला तर?"

"तर आपण दोघं घरी. तुझ्यासाठी शब्द मी टाकलाय."

मग त्याचे जे हाल सुरू झाले ते विचारू नका. फावडं उचल, ठेव. भट्टीला फेरी मार, पुन्हा दिवा बघ. आपल्यापायी म्हाताऱ्या मुकादमाची भाकरी जाणार, या विचाराने त्याला रडू कोसळायचं बाकी होतं. वर क्रेन चालवणारी त्याची बायको शेवटी ओरडली, "अहो, हात खिशात घाला!"

त्याने घातले. बोटं खिशातही थांबेनात.

आणि भट्टीचा आवाज बदलला. दिवा पेटला.

"टाक!" मुकादम म्हणाला.

चुळबुळ्याने फावडं काठोकाठ भरलं, झेप घेतली आणि मध्येच थबकला.

"किती टाकू?" त्याने विचारलं.

मुकादम त्याच्याकडे बघतच राहिला. एवढ्या दिवसांत हा प्रश्न तो पहिल्यांदाच ऐकत होता.